गोळी सुटण्याआधीचा वेळ

दोन सेकंदांत माणूस काय करू शकतो? क्रूसाची खूण नीट करायची म्हटली, तरी त्याहून जास्त वेळ लागतो. मग एवढ्या वेळात कुणी कुणाचा जीव घेतला, तर त्या कृत्याला आपण काय म्हणावे? निर्णय म्हणावा, चूक म्हणावी, पाप म्हणावे, की नुसती हाताची हालचाल?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराजवळ, २८ एप्रिल २०१६ रोजी दुपारी एका पोलीस अधिकाऱ्याने एक गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. गाडीच्या नंबरावर टोल थकलेला होता. गाडी भाड्याने घेतलेली होती आणि ॲश्टियन बार्न्स नावाचा २४ वर्षांचा तरुण ती चालवत होता. कागदपत्रांची विचारणा झाली. डिकी उघडायला सांगितले, मग खाली उतरायला सांगितले. बार्न्सने उतरण्याऐवजी गाडी पुढे काढली. अधिकाऱ्याने पिस्तूल बाहेर काढले आणि चालू लागलेल्या गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर उडी मारली. तिथून त्याला आतले नीट दिसत नव्हते. त्याने दोन गोळ्या झाडल्या. पट्टीवर पाय ठेवल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत सुमारे दोन सेकंद गेले. गाडी हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत सारे मिळून पाच सेकंद. टोलसाठी थांबवलेल्या त्या तरुणाचा जीव गेला.

या घटनेचे न्यायालयात काय झाले ते पुढे येईलच. आधी प्रश्न नीट समजून घेऊ या. अमेरिकेतले उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. तिथे जवळजवळ प्रत्येक पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असते, आणि सामान्य लोकांच्या घरांतही बंदुका अमाप आहेत. 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने २०१५ ते २०२४ अशी दहा वर्षे नोंद ठेवली. तिच्यानुसार पोलिसांच्या गोळीने दरवर्षी सुमारे एक हजार माणसे मेली. त्यांतील बहुतेकांच्या हाती काही ना काही शस्त्र होते. काहींच्या हाती मात्र काहीच नव्हते. दुसरीकडे, एफबीआयच्या नोंदीप्रमाणे एकट्या २०२१ साली ७३ पोलीस हल्लेखोरांच्या हातून मारले गेले. घरे दोन्हीकडची उजाड होतात. तेव्हा एका बाजूला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला देवदूत अशी मांडणी करून हा प्रश्न सुटणार नाही.

प्रथम पोलिसाची बाजू ऐकू या. १९८३ साली सॉल्ट लेक सिटी येथील पोलीस दलातील शस्त्रप्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी एक साधी चाचणी घेतली. हातात सुरा घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावून आला, तर त्याला पोहोचायला किती वेळ लागेल? उत्तर आले, सुमारे दीड सेकंद. कमरेचे पिस्तूल काढून, नेम धरून गोळी झाडायला चांगल्या शिकलेल्या पोलिसालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आपल्याला २१ फूट म्हणजे सुरक्षित अंतर वाटते. सुरा हाती असलेल्या माणसासमोर ते सुरक्षित नसते.

२०११ साली टेक्सासमधील संशोधकांनी आणखी बारकाईने मोजमाप केले. पोलिसाचे पिस्तूल आधीच रोखलेले. समोरच्याच्या हातातले पिस्तूल अजून त्याच्यावर रोखलेले नाही. आता समोरच्याने एकाएकी ते उचलून गोळी झाडली, तर काय होते? त्याला सरासरी ०.३८ सेकंद लागले. ते पाहून पोलिसाला गोळी झाडायला लागले ०.३९ सेकंद. म्हणजे पिस्तूल रोखून उभा असलेला माणूसही मागेच पडला. कारण सरळ आहे. जो हल्ला करतो त्याचे ठरलेले असते. जो पाहतो त्याला आधी ते दिसावे लागते, मग उमगावे लागते, आणि मग त्याचा हात हलतो. त्यात भीतीची भर पडते. भ्यालेल्या माणसाची नजर एका ठिकाणी खिळते, आजूबाजूचे आवाज ऐकू येईनासे होतात, बोटे जड होतात. हे शरीराचे धर्म आहेत. त्यांत भित्रेपणा नाही.

एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलीस दलाचे चार तरुण शिपाई काही मिनिटांच्या आत दोन गुन्हेगारांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या रात्रीने तिथल्या पोलीस प्रशिक्षणाला मोठा हादरा दिला. तोवरचे शिक्षण बहुतेक ठिकाणी असे होते: मोकळे मैदान, दिवसाचा उजेड, समोर कागदावर काढलेले गोल, आणि प्रशिक्षकाची शिट्टी वाजली की निवांत नेम धरायचा. कागदाचा गोल उलट गोळी झाडत नाही, विनवण्या करीत नाही, पळत नाही. पुढे शिक्षण बदलत गेले. अंधारात, धावपळीत, आडोशामागून नेम धरायला शिकवू लागले. १९८७ साली एफबीआयने क्वांटिको येथील आपल्या अकादमीत एक खोटे गावच उभे केले. त्यात बँक आहे, पोस्ट आहे, सिनेमागृह आहे, आणि पैसे देऊन आणलेले नट तिथे चोर किंवा वाटसरू होतात. आता पडद्यावर प्रसंग दाखवणारे सिम्युलेटर आले आहेत. समोरचा माणूस खिशात हात घालतो. बाहेर काय येईल? पिस्तूल की फोन? शिकणाऱ्याने त्या क्षणी ठरवायचे असते: झाडायची, की नाही झाडायची.

इथवर आले की कुणीही म्हणेल, "अहो, मग त्या बिचाऱ्या पोलिसाला दोष कसला देता? दोन सेकंदांत विचार करायला त्याला सवड तरी होती का?" आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही आपण हेच शिकलो आहोत. कृत्य गंभीर असले, तरी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती असल्याशिवाय ते मोठे पाप होत नाही. अर्ध्या सेकंदात कसली जाणीव आणि कसली संमती?

या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे, असे आम्हाला वाटते. दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस कुणाला चिरडतो, तेव्हा त्याला शुद्ध नसते. म्हणून आपण त्याला निर्दोष म्हणतो का? नाही. त्या क्षणी तो स्वतःच्या ताब्यात नव्हता, पण पेला उचलताना तो ताब्यात होता. परिणाम नंतर घडला. त्याचे कारण मात्र त्याने आपल्या मर्जीने आधीच पत्करले होते. नीतिशास्त्र अशा वेळी दोषाचा शोध त्या कारणापर्यंत मागे नेते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याविषयी लिहिताना एक मार्मिक विचार मांडला आहे. आधी कळून आलेल्या संकटाला तोंड देताना माणूस विचार करून स्वतःला सावरू शकतो. एकाएकी कोसळलेल्या संकटात विचाराला जागा नसते. तिथे माणसाच्या अंगी मुरलेली सवय बाहेर पडते. म्हणून त्याच्या अंगी खरे धैर्य आहे की नाही, हे अचानक आलेल्या प्रसंगी उघड होते. आज शस्त्रप्रशिक्षक जे सांगतात, ते याहून फारसे वेगळे नाही. संकटात माणूस आपल्या अपेक्षेच्या उंचीवर चढत नाही, तर आपल्या सरावाच्या पातळीवर उतरतो, असे ते शिकणाऱ्यांना बजावत असतात.

हे खरे असेल, तर प्रश्नाची जागाच बदलते. त्या दोन सेकंदांत काय ठरले, हे विचारण्याऐवजी आधीच्या दोन वर्षांत काय ठरले होते, हे विचारावे लागते. हाताला कोणती सवय लावली होती? ती कुणी लावली? आणि कशासाठी?

२०१५ साली अमेरिकेतील 'पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम' या संस्थेने पोलीस दलांची पाहणी केली. नव्या शिपायांना साधारणपणे ५८ तास बंदूक चालवण्याचे आणि ४९ तास झटापटीत स्वतःचा बचाव करण्याचे शिक्षण मिळत होते. तापलेला प्रसंग बोलून, थांबून, अंतर राखून थंड कसा करावा, याचे शिक्षण होते ८ तासांचे. आता सांगा, ५८ तास ज्या हाताला चाप ओढायला शिकवले आणि ८ तास थांबायला शिकवले, तो हात घाबरल्यावर काय करील? पोलिसाने त्या क्षणी निवड केली नाही, हे मान्य. पण ५८ आणि ८ या आकड्यांची निवड कुणीतरी शांतपणे, खुर्चीत बसून केली होती. तिथे सवड भरपूर होती.

ट्यूलर यांच्या २१ फुटांचेही असेच झाले. त्यांच्या सांगण्याचा रोख असा होता की, एवढ्या अंतरावर धोका आहे, म्हणून मागे सरा, आडोसा घ्या, आधीपासून सावध राहा. पुढे शिकवता शिकवता कित्येक ठिकाणी त्याचा 'नियम' झाला: सुरेवाला २१ फुटांच्या आत आला की गोळी झाडायला हरकत नाही. हा नियम नव्हे, असे खुद्द ट्यूलर यांनी नंतर सांगितले, आणि २०१६ साली वर सांगितलेल्या संस्थेनेही तो शिकवू नये असा सल्ला दिला. सावधगिरीसाठी सांगितलेली गोष्ट परवानगी होऊन बसली. धर्माच्या बाबतीतही आपण असे कितीदा करतो! कुठे थांबावे हे सांगणारी रेघ आपण कुठवर जाता येईल याचे माप म्हणून वापरतो.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँड शहरातील एका बागेत टामिर राईस नावाचा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातले पिस्तूल घेऊन फिरत होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पिस्तूल बहुधा खोटे असावे, आणि तो बहुधा लहान मुलगा असावा, असेही फोन करणाऱ्याने सांगितले. ही दोन वाक्ये गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यांनी गाडी थेट गवतावरून मुलाच्या अगदी जवळ नेऊन उभी केली. त्यानंतर दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा वारला. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही.

त्या दोन सेकंदांपुरते पाहिले, तर पोलिसासमोर पिस्तुलासारखी वस्तू आहे, हात हलतो आहे आणि अंतर नाही. पण अंतर का नव्हते? कारण गाडी तिथे नेली. मुलगा आहे हे का माहीत नव्हते? कारण निरोप देणाऱ्याने ते सांगितले नाही. गाडी पन्नास पावलांवर, झाडाआड थांबली असती, तर त्याच पोलिसाला दोन सेकंदांऐवजी दोन मिनिटे मिळाली असती. त्याची प्रतिक्रिया तेवढीच वेगवान राहिली असती. वेगाची गरज मात्र उरली नसती. सवड ही कित्येकदा आपण गमावलेली असते, आणि मग सवड नव्हती अशी सबब आपणच देतो.

आणखी एक घटना. ४ फेब्रुवारी १९९९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात साध्या वेशातील चार पोलिसांना एका घराच्या दारात एक तरुण उभा दिसला. अमादू डायलो, वय २३, आफ्रिकेतील गिनी देशातून पोटासाठी आलेला. पोलिसांनी हटकले तेव्हा त्याने खिशातून काहीतरी काळे बाहेर काढले. एकाने "पिस्तूल!" असे ओरडून गोळी झाडली. दुसरा पायऱ्यांवरून मागे पडला. इतरांना वाटले त्याला गोळी लागली. चौघांनी मिळून ४१ गोळ्या झाडल्या, त्यांतल्या १९ त्या तरुणाला लागल्या. त्याच्या हातात पैशाचे पाकीट होते. २००० साली ज्यूरीने चारही पोलिसांना निर्दोष ठरवले.

एकाने झाडली म्हणून दुसऱ्याने झाडली. दुसऱ्याने झाडली म्हणून तिसऱ्याला खात्री पटली. आणि पहिल्याला पाकिटात पिस्तूल का दिसले? यात कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. बार्न्स, टामिर आणि डायलो, तिघेही कृष्णवर्णीय होते. २००२ साली जोशुआ कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर माणसे दिसत. कुणाच्या हातात पिस्तूल, तर कुणाच्या हातात फोन, पाकीट अशी निरुपद्रवी वस्तू. शस्त्र असेल तरच 'झाडा' ही कळ दाबायची, आणि तीही झटकन. खेळणाऱ्यांच्या हातून निःशस्त्र गोऱ्यांपेक्षा निःशस्त्र काळ्यांवर अधिक वेळा चुकून गोळी झाडली गेली. २००७ साली त्यांनी डेन्व्हरच्या पोलिसांनाही हाच प्रयोग करायला लावला. पोलिसांच्या चुका सामान्य नागरिकांपेक्षा कमी निघाल्या, पण रंगाचा परिणाम त्यांच्या हाताच्या वेगात दिसलाच. यातून दोन गोष्टी कळतात. समाजाच्या मनात साठलेला संशय बोटांपर्यंत उतरतो. आणि चांगल्या सरावाने त्याला काही प्रमाणात आवर घालता येतो.

आता कायद्याकडे वळू. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅहम विरुद्ध कॉनर या खटल्यात एक दंडक घालून दिला. पोलिसाने वापरलेले बळ वाजवी होते की नाही, हे घरी बसून, सारे कळल्यानंतरच्या शहाणपणाने ठरवू नये. त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने ठरवावे, कारण त्याला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. हा दंडक न्याय्यच आहे. पण त्यातून काही न्यायालयांनी पुढचे पाऊल टाकले. धोका निर्माण झाला तो क्षण, तेवढाच पाहायचा. त्याआधीचे काही पाहायचे नाही. बार्न्सच्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी हेच केले. पोलीस चालत्या गाडीला लटकलेला होता, त्याचा जीव धोक्यात होता, म्हणून गोळी वाजवी. तो गाडीला लटकला कसा, हे विचारायचे नाही.

नऊ वर्षांनी, १५ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही पद्धत चुकीची ठरवली. सगळी परिस्थिती पाहिली पाहिजे, आणि तीत आधी काय घडले तेही येते, असे न्यायालयाने सांगितले. अधिकारी दोषी आहे असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. पोलिसाने स्वतःच धोका ओढवून घेतला तर काय, हा प्रश्नही त्या निकालात सोडवलेला नाही. खटला पुन्हा विचारासाठी खाली पाठवला. तरीही एक दार उघडले. कायद्यालाही आता घड्याळ थोडे मागे फिरवून पाहावे लागेल.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो हलका नाही. "पोलिसाच्या मनात इतक्या शंका भरल्या, तर तो कचरेल, आणि कचरला की मरेल. त्याच्या विधवेला तुम्ही काय सांगणार?" आम्ही हा आक्षेप गंभीरपणे घेतो. सुरा उगारलेल्या माणसासमोर उभा असलेल्या शिपायाने प्रवचन आठवत बसावे, असे कुणीच म्हणत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा प्राण वाचवण्यासाठी हल्लेखोराला बळाने रोखणे हे पाचव्या आज्ञेविरुद्ध नाही, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मात्र बळ गरजेपुरतेच असावे, हीही अट संत थॉमस यांनी घातली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, गरज किती असेल हे पुष्कळदा आधीच्या वागण्याने ठरते. अंतर, आडोसा, सोबतीची वाट पाहणे, एकाच माणसाने बोलणे, आरडाओरडा न करणे, या गोष्टी पोलिसाचाही जीव वाचवतात. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील पोलिसांना २०१९ साली असे शिक्षण दिले गेले. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची तपासणी केली. बळ वापरण्याचे प्रसंग सुमारे २८ टक्क्यांनी घटले, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी घटल्या, आणि पोलिसांच्या दुखापती ३६ टक्क्यांनी. सर्वांत जास्त फायदा पोलिसांचाच झाला.

पण त्याच लुईव्हिलमध्ये मार्च २०२० मध्ये मध्यरात्रीनंतर पोलिसांनी एका घराचे दार फोडले आणि त्या गोळीबारात ब्रिओना टेलर ही २६ वर्षांची निःशस्त्र तरुणी ठार झाली. झडतीचा परवाना मिळवताना खोटी माहिती रचल्याच्या कटात आपला सहभाग होता, हे एका पोलीस अधिकाऱ्याने २०२२ साली न्यायालयात कबूल केले. गोळ्या काही क्षणांत सुटल्या. खोटे मात्र सावकाश, कागदावर लिहिले गेले होते. आठ-दहा तासांच्या वर्गाने सारे काही सुधारत नाही, आणि दोषाचा माग कधी कधी मैदानापेक्षा कचेरीकडे जातो.

अचानक आलेल्या क्षणी माणसाच्या आतून चांगलेही बाहेर पडते, हे आम्हा मुंबईच्या परिसरातल्या लोकांना कुणी वेगळे सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. समोर एके-४७ होती. त्यांनी त्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे त्यांच्या सहकाऱ्यांना कसाब जिवंत पकडता आला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ओंबळे यांनाही त्या वेळी विचाराला सवड नव्हती. पोलिसात येण्यापूर्वी ते सैन्यात होते. दुसऱ्यांसाठी पुढे होण्याची सवय एका रात्रीत लागत नाही. त्यांचा गौरव करताना एक प्रश्नही मनात ठेवावा: एके-४७ समोर लाठी घेऊन उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर कुणाच्या दिरंगाईने आली? तोही गोळी सुटण्याआधीचाच हिशेब आहे.

शेवटी, ज्याच्या हातून गोळी सुटली त्या माणसाविषयी. समजा, त्याची काहीच चूक नव्हती. न्यायालयाने सोडले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी रात्री झोप येत नाही. त्याला आपण काय सांगावे? "तू काही केले नाहीस, विसरून जा" असे म्हणणे सोपे आहे, पण ते खोटे आहे. एक माणूस त्याच्या हाताने मेला आहे. चौथ्या शतकातील संत बेसिल, सिझेरियाचे महागुरू, यांच्यासमोर असाच प्रश्न आला होता. युद्धात शत्रूला मारणाऱ्याला पूर्वीच्या धर्मपित्यांनी खुनी मानले नाही, हे त्यांनी नोंदवले. तरीही अशा सैनिकांनी तीन वर्षे पवित्र कम्युनियनपासून दूर राहणे बरे, असा सल्ला त्यांनी दिला. आज आपल्याला हे कठोर वाटेल. पण त्यात एक मोठी समजूत आहे, असे आम्हाला वाटते. दोष नसला तरी दुःख असू शकते, आणि त्या दुःखाला वेळ आणि विधी लागतो. मेलेल्याचे मोल ज्याला कळते, त्याचा हात पुढच्या वेळी गरजेशिवाय चापाकडे जाणार नाही. निर्दोष सुटलेल्याला हार घालून मिरवणाऱ्या समाजापेक्षा, त्याला थोडा वेळ शांत बसू देणारा समाज त्याचे अधिक भले करतो.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाचा मुलगा किंवा जावई पोलीस दलात असेल. बाकीच्यांच्या हाती बहुधा कधीच पिस्तूल येणार नाही. पण हा प्रश्न आपल्याला दोन ठिकाणी भिडतो. एक म्हणजे, पोलिसांच्या गोळीबाराची बातमी वाचताना आपण चटकन पक्ष घेतो. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या. त्याला काय सांगून पाठवले होते? तो किती अंतरावर उभा होता, आणि तिथे का उभा होता? त्याला काय शिकवले होते? ते शिकवणाऱ्याचा जबाब कुणी घेतला का? या प्रश्नांनी गोळी झाडणारा आपोआप सुटत नाही आणि आपोआप अडकतही नाही. पण जबाबदारी जिथे जिथे आहे तिथवर ती पोहोचते. आपल्या करातून पोलिसांची काडतुसे येतात आणि त्यांचे शिक्षणही येते. म्हणून तिचा काही वाटा आपल्यापर्यंतही येतो.

दुसरे म्हणजे, हाताऐवजी जिभेने आपणही क्षणात वार करतो. मुलाच्या हातून काही फुटते आणि आपला हात उठतो. म्हातारी आई तेच चौथ्यांदा विचारते आणि नको तो शब्द तोंडून जातो. मग आपण म्हणतो, "रागाच्या भरात झाले." रागाच्या भरात झाले हे खरेच असते. पण रागाला दाराशी कुणी बसवून ठेवले होते, हे पापनिवेदनाला जाण्याआधी स्वतःला विचारले, तर कबुली थोडी लांबेल आणि थोडी खरीही होईल. तो एक क्षण आपल्या ताब्यात नव्हता. त्याआधीचा आठवडा होता, आणि येता आठवडाही अजून आपल्या हाती आहे.